अळी नको, फुलपाखरू हवे!

रविवारी सकाळी एखाद्या रोपवाटिकेत अर्धा तास नुसते उभे राहावे. गिऱ्हाइकांच्या तोंडून दोन मागण्या हमखास ऐकू येतात. पहिली, ‘फुलपाखरे येतील, पक्षी येतील असे काहीतरी द्या.’ दुसरी, ‘पण कीड न लागणारे द्या हं!’ गंमत अशी की, या दोन्ही मागण्या बहुतेक वेळा एकच माणूस एकाच दमात करतो. रोपवाटिकावालाही मान डोलावतो आणि दोन कुंड्या पुढे सरकवतो. एका हाताने मागायचे तेच दुसऱ्या हाताने नाकारायचे, असा हा व्यवहार चालला आहे हे घेणाऱ्याच्या ध्यानात येत नाही आणि विकणाऱ्याच्याही नाही. फुलपाखरू म्हणजे कालची अळी. आणि अळी पान खाल्ल्याशिवाय मोठी होत नाही.

अंडी, अळी, कोष, फुलपाखरू ही चार चित्रे आपण सगळ्यांनीच शाळेच्या वहीत काढलेली आहेत. त्यातले चौथे चित्र आपण मुलांच्या खोलीत भिंतीवर लावतो आणि दुसरे बागेत दिसले की चप्पल उचलतो!

हल्ली निसर्गाबद्दल आस्था वाढली आहे, हे मान्यच केले पाहिजे. मार्च उजाडला की गॅलरीत पाण्याची भांडी ठेवा म्हणून आवाहने येतात. २०१० पासून २० मार्च हा चिमणी दिन म्हणून पाळला जातो, आणि त्या कल्पनेमागे नाशिकचा माणूस आहे याचा आपल्याला अभिमानही वाटतो. लाकडी घरटी विकत मिळतात, दाण्यांची टांगती भांडी मिळतात. हे सगळे चांगल्या मनाने चालले आहे. माझे म्हणणे एवढेच की, आपला सगळा भर खाऊ घालण्यावर आहे. आणि बागेतल्या जीवांना गरज आहे ती आपण त्यांना खाऊ देण्याची. या दोन शब्दप्रयोगांत एका क्रियापदाचा फरक आहे. बागेत मात्र तो जमीन-अस्मानाचा ठरतो.

पुण्याच्या एका उपनगरात तळमजल्यावर आमचे घर आहे. मागे जेमतेम अठरा फूट लांब नि दहा फूट रुंद अशी जागा. तीत कढीपत्ता, लिंबू, तगर, जास्वंद, तुळशी, एक शेवगा आणि न्हाणीचे पाणी जाते तिथे अळू, असा आमचा संसार. या कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पावसाळ्यात पक्ष्याच्या शिटेसारखे काहीतरी चिकटलेले दिसते. ते झटकायला जावे तर हलते! ती मॉरमॉन नावाच्या मोठ्या काळ्या फुलपाखराची अळी. लहानपणी ती शिटेचे सोंग घेते म्हणजे पाखरे तिला खात नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. आणि फारच डिवचली तर डोक्यामागून एक दुभंगलेले रंगीत शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. लिंबावर हिचीच बहीण शोभेल अशी काळ्या-पिवळ्या लाइम फुलपाखराची अळी असते. तगरीवर बोटाएवढी हिरवी अळी येते, तिच्या अंगावर निळसर डोळ्यांसारखे दोन ठिपके असतात. तिचा पुढे हिरव्या-गुलाबी नक्षीचा पतंग होतो. या मंडळींनी महिनाभर पाने खाल्ली म्हणून आमची आमटी आजवर कढीपत्त्यावाचून राहिलेली नाही. झाड पुन्हा पालवते. माझ्या सासूबाईंचे त्यावरचे मत दोन वाक्यांत संपते : “त्यांचं खाऊन उरतं ते आपलं. आणि उरतंच की!”

प्रत्येक अळीचे पान ठरलेले असते. त्याचे कारण मोठे शिकण्यासारखे आहे. झाडाला पळता येत नाही, म्हणून ते आपल्या पानांत कडू, तिखट, विषारी द्रव्ये तयार करते. अमुक एका झाडाचे विष पचवण्याची विद्या अमुक एका कीटकाने पिढ्यानपिढ्यांच्या सहवासात मिळवलेली असते. रुईचा चीक एरवी विषारी. पण प्लेन टायगर या केशरी फुलपाखराची अळी रुईची पाने खाऊनच वाढते, ते विष अंगात साठवते, आणि मग पक्षीच तिच्या वाटेला जात नाहीत. रेड पिएरो नावाचे चिमुकले फुलपाखरू पानफुटीवर अंडी घालते. त्याची अळी तिच्या जाड पानाच्या आत शिरून राहते. पावसाळ्यात आपोआप उगवणारा टाकळा (आपल्याकडे त्याची भाजी करतात तोच) हे पिवळट पांढऱ्या एमिग्रंट फुलपाखरांचे पाळणाघर आहे. सोनचाफ्यावर आणि खोट्या अशोकावर टेल्ड जे वाढते. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, ते ब्लू मॉरमॉनही शेवटी लिंबाच्या गोतावळ्यातल्या झाडांवरच अवलंबून आहे. राज्य फुलपाखरू म्हणून त्याची चित्रे छापायची आणि पपनसाचे पान कुरतडलेले दिसले की पंप काढायचा, हे कसे जमायचे?

‘आम्हाला अळ्याबिळ्यांत रस नाही, पक्षी हवेत,’ असे कोणी म्हणेल. त्यांनाही अळीपासून सुटका नाही. चिमणी दाणे खाते हे खरे, पण तिची पिले पहिल्या दिवसांत दाण्यांवर वाढत नाहीत. त्यांना मऊ, ओलसर किडे-अळ्या लागतात. चोच खुपसून फुलातला मध पिणारा शिंजीर पिलांना भरवताना कोळी आणि किडेच आणतो. शिंप्याचे, दयाळाचे, बुलबुलाचे तेच. म्हणजे गॅलरीत तांदळाची वाटी आणि खाली औषध फवारलेली बाग, असा प्रकार असेल तर आपण आई-बापांना जेवू घालतो आणि लेकरांना उपाशी ठेवतो!

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या परिसरातल्या घरगुती बागांमध्ये संशोधकांनी चिकाडी या छोट्या पक्ष्याचा अभ्यास केला. त्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. बागेतल्या झाडोऱ्यात स्थानिक झाडांचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या खाली गेले की पिले इतकी कमी जगतात की त्या पक्ष्यांची संख्या टिकत नाही, असे त्यांना आढळले. कारण तेच : परक्या झाडांवर अळ्या नाहीत. पक्षी तिथला असेल, पण पोटाचे गणित सगळीकडे सारखेच असते.

उलट, नुसते दाणे टाकत राहिले की काय होते, हे आपण मुंबईत पाहिले. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये कबुतरखाने बंद करण्यावरून केवढा गदारोळ उठला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसाचे विकार होतात, हे डॉक्टर सांगत होते. श्रद्धेने दाणे टाकणारेही आपल्या जागी प्रामाणिक होते. मला त्या वादात एक तिसरीच गोष्ट जाणवत राहिली. आयते दाणे आणि सिमेंटच्या खोबणी मिळाल्या की एकाच जातीचा सुकाळ होतो. शिंजिराला, शिंप्याला, तांबटाला त्या पोतेभर ज्वारीचा काडीचा उपयोग नाही. भूतदया करायचीच तर एका जातीवर का? एक झाड लावले तर पन्नास जातींचे जेवण होते.

आपल्या आज्या-पणज्यांच्या परसात हे न सांगता घडत होते. मोरीच्या पाण्यावर केळी आणि अळू, कुंपणाला शेवगा, कोपऱ्यात पेरू-सीताफळ, देवासाठी जास्वंद, कण्हेर, तगर. कोणी ‘जैवविविधता’ हा शब्द ऐकलेला नव्हता. पण त्या परसाची आरती ओवाळण्याचे कारण नाही. तिथे विंचू-काट्याची भीती होती आणि डासही होते. सांगायचा मुद्दा इतकाच की, त्या परसात काही पिकवले जात होते, म्हणून काही खाल्लेही जात होते. आजच्या सोसायटीची बाग फक्त पाहण्यासाठी असते. चटईसारखी हिरवळ, कंगव्याने विंचरल्यासारखे ड्युरांटाचे कुंपण, शोभेची सुरूची झाडे आणि ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी. चालणारे नाहीत, खाणारेही नाहीत. दिवाणखान्यातल्या गालिच्याला पाणी घालावे तशी ही बाग!

यावर कोणी मला परदेशी झाडांची शत्रू समजू नये. पेरू अमेरिकेतून आला आणि आपला झाला. मघाशी सांगितलेली पानफुटी मूळची मादागास्करची. गुलमोहरही तिथलाच. पाहुणा म्हणून एखादे झाड असायला हरकत नाही. घरात सगळे पाहुणेच असले आणि घरची माणसे एकही नसली, तर मात्र चूल पेटत नाही.

आणि बागेचा आकार? इंग्लंडमधल्या लीस्टर शहरात जेनिफर ओवेन या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या घराच्या साध्या बागेतले जीव १९७२ पासून तीस वर्षे मोजले. बाग होती सातशे चौरस मीटरांच्या आसपास, रस्त्याकडेच्या चारचौघांसारख्या घराची. नोंद झाली २,६७३ जातींच्या वनस्पती आणि प्राण्यांची; त्यांत कीटकच दोन हजारांच्या घरात! आपल्या उष्ण देशातल्या बागेत मोजदाद केली तर काय हाती लागेल, याची कल्पना करावी. आपल्याकडचेही दाखले आहेत. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, जिथे एकेकाळी मुंबईचा कचरा टाकला जाई, तिथे आज सदतीस एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे आहे. ठाण्यात घोडबंदर रस्त्याजवळ ओवळेकर वाडीत एका कुटुंबाच्या जमिनीवर फुलपाखरांचे उद्यान झाले, ते अळ्यांची आणि मधाची झाडे लावूनच. फुलपाखरे कोणी पिंजऱ्यात घालून आणली नाहीत. जेवण तयार झाले, पाहुणे आले.

मग अडते कुठे? अडते ते आपल्या स्वच्छतेच्या कल्पनेपाशी. आमच्या सोसायटीत दर महिन्याला फवारणीवाला येतो. माळी मला विचारतो, “ताई, औषध मारू का?” या ‘औषध’ शब्दाचे मला नेहमी नवल वाटते. विषाला औषध म्हणणारी आपलीच भाषा! झाड आजारी नसते. त्याचे पान कोणीतरी खाल्लेले असते, इतकेच. गुलाबाच्या पानांवर नखाने कोरल्यासारखे अर्धगोल काप दिसले की लोक घाबरतात. ते काम एका एकांड्या मधमाशीचे. ती पानाचे तुकडे नेऊन पिलांसाठी घर बांधते, झाडाचे काही बिघडत नाही. खिडकीच्या कोपऱ्यात कुंभारीण माशी मातीचे मडके करते. ते पाडून टाकावेसे वाटते, पण त्यात तिने पिलांसाठी बेगमी केलेली असते ती अळ्यांचीच. ज्या अळ्यांसाठी तुम्ही पंप मागवलात, त्या ती फुकट नेत असते! शिवाय काही आधुनिक द्रव्ये झाडाच्या रसात शिरतात, आणि तिथून परागात नि मधात. इमिडाक्लोप्रिड आणि त्याच्या दोन भावंडांचा उघड्या शेतात वापर करण्यावर युरोपीय संघाने २०१८ मध्ये बंदी घातली, ती मधमाश्यांच्या काळजीपोटीच. ते आपण चार कुंड्यांसाठी वापरायचे काय?

सध्या आमच्याकडे वाद पेटला आहे तो उंबरावरून. कुंपणाच्या भिंतीलगत कोणा पाखराच्या कृपेने उगवलेला हा उंबर आता दुमजली उंच झाला आहे. वर्षातून अनेकदा फळतो. फळले की पहाटेपासून तांबट, कोकिळा, बुलबुल आणि रात्री वटवाघळे. एकदा हरियालांचा थवा आला, तेव्हा आपला राज्यपक्षी आपल्या गाड्यांच्या वाहनतळावर बसला आहे हे मी खाली उभ्या असलेल्या मुलांना दाखवले. पण त्याच गाड्यांवर फळे पडतात, शिटा पडतात, रोज पुसाव्या लागतात. चार सभासदांनी झाड काढण्याचा ठराव मांडला. औदुंबर म्हणजे दत्ताचे ठिकाण, म्हणून कुऱ्हाड लावायला मन धजत नाही असे म्हणणारे दोघे-तिघे होते. शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्याने परवानगी लागते, हे मी सांगितले. सभेने ठराव पुढे ढकलला. पुढच्या सभेत तो पुन्हा येणार आहे.

ज्यांनी ठराव मांडला त्यांना मी खलनायक मानत नाही. त्यातले तिसऱ्या मजल्यावरचे काका मला म्हणाले, “ताई, पक्ष्यांचं ठीक आहे हो. पण झाडी वाढली की साप येतो, डास होतात. माझी नात खाली खेळते.” या प्रश्नाला ‘निसर्गावर प्रेम करा’ हे उत्तर होऊ शकत नाही. नातीची काळजी ही खरी गोष्ट आहे आणि निसर्गप्रेमी मंडळी ती हसण्यावारी नेतात, म्हणूनच त्यांचे कोणी ऐकत नाही.

तर डासांचे आधी. डेंग्यूचा डास झाडीत नाही, साठलेल्या पाण्यात जन्मतो : कुंडीखालची ताटली, टाकून दिलेला टायर, फुलदाणी आणि हो, आपण पुण्यासाठी ठेवलेले पक्ष्यांचे भांडेसुद्धा! त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि आठ-दहा दिवसांत उडता डास तयार होतो. म्हणून भांडे उथळ, खरबरीत मातीचे असावे, त्यात एक दगड ठेवावा आणि ते रोज नाही तरी एक दिवसाआड घासून नवे पाणी भरावे. नुसती भर घालत राहू नये. हे होणार नसेल तर भांडे ठेवूच नये.

सापाचे म्हणाल, तर साप येतो उंदरामागे. उंदीर येतात उघड्या कचऱ्यामागे आणि सांडलेल्या दाण्यांमागे. आमच्या बागेत दिसलेली धामण बिनविषारी होती आणि तिचे काम उंदरांपाशीच होते. पण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार आपल्याकडे जीवघेणे आहेत, हे नाकारण्यात शहाणपण नाही. म्हणून पालापाचोळ्याचा ढीग दारापासून आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूरच्या कोपऱ्यात असावा, विटा-लाकडांचा पसारा भिंतीला लागून नसावा, पायवाट मोकळी ठेवावी, रात्री बॅटरी घेऊन निघावे, साप दिसला तर काठी न शोधता जाणकार सर्पमित्राला बोलवावे, आणि दंश झालाच तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता तडक रुग्णालय गाठावे. एवढी शिस्त पाळली तर बाग आणि नात दोन्ही सुखरूप राहतात.

बाकी करायचे ते फार थोडे आहे, खरे तर न करण्याचेच जास्त आहे. पालापाचोळा जाळू नका. त्यात पतंगांचे कोष असतात, आणि त्या किड्यांवरच दयाळ पोसतो. वाळकी फांदी जाण्यायेण्याच्या वाटेवर नसेल तर राहू द्या. तांबट ताज्या लाकडात नाही, तिच्यातच बीळ कोरतो. बागेतली जळमटे काढण्याची घाई करू नका. शिंजिराचा लोंबता खोपा आणि शिंप्याचे शिवलेले पान त्याच धाग्यांनी जुळते. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका, थोड्या मधमाश्यांसाठी ठेवा. श्रावणात दोन हात जागा टाकळ्याला द्या.

ज्यांच्याकडे फक्त गॅलरी आहे त्यांनीही निराश होऊ नये. एका कुंडीत कढीपत्ता, दुसरीत लिंबू, तिसरीत पानफुटी आणि उरलेल्या डब्यात तुळस. या चार कुंड्यांवर मी वर उल्लेखलेल्या फुलपाखरांपैकी तिघांचा संसार होऊ शकतो. मुलांना एकच काम द्या : पानावर अळी दिसली की ती झटकायची नाही, रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी बघायची. ती किती वाढली, कात कधी टाकली, कोष कुठे बांधला. बहुतेक अळ्या मधेच नाहीशा होतील. कोणाच्या तरी घरट्यात पोचल्या असतील. हेही मुलांना सांगावे, लपवू नये. एखाद्या सकाळी कोष फाटून ओल्या पंखांचे फुलपाखरू बाहेर येईल, आणि त्या दिवशी शाळेची बस चुकली तरी चालेल.

पुढच्या सभेत मी माझे म्हणणे मांडणार आहे. उंबराखालच्या दोन गाड्या समोरच्या मोकळ्या जागेत लावता येतील. तिथली माझी जागा बदलून द्यायला मी तयार आहे. फवारणीचा महिन्याचा खर्च वाचला तर खालची जागा रोज झाडून घ्यायला माणूस ठेवता येईल. काकांच्या नातीसाठी पायवाटेवर दिवा हवा, पाचोळ्याचा खड्डा मागच्या भिंतीला हवा, हेही मीच ठरावात घालणार आहे. ठराव मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही. पण ज्या घरांतून चिमण्या कमी झाल्याबद्दल दरवर्षी हळहळ व्यक्त होते, त्या घरांनी एकदा स्वतःच्या बागेतली पाने हातात घेऊन पाहावीत. सगळीच्या सगळी अखंड, तुकतुकीत, एकाही भोकाशिवाय असतील, तर चिमणी कुठे गेली हे दुसऱ्या कोणाला विचारण्याची गरज उरणार नाही.